सिंगल आईने मुलीचा पासपोर्ट काढला, पासपोर्ट सेवा केंद्राचा रिव्ह्यू (४/५)

घटस्फोट झालाय किंवा नवरा-बायको वेगळे राहताय आणि मुलांचा पासपोर्ट काढायचाय, त्यांच्यासाठी लिहितेय. सर्व्हिस चांगलीये, भीती घालतात ती बाहेरची माणसं.

"वडिलांची सही लागणारच", हे मला मावशीपासून सोसायटीतल्या काकांपर्यंत सगळ्यांनी सांगितलं, आणि गेटबाहेरचा एक एजंट तर वर स्टॅम्प पेपर न् नोटरीचे पैसे मागत होता. काहीही! डिसेंबर २०१६ मधेच नियम बदललेत, फॉर्ममधे आई किंवा वडील, एकाचंच नाव दिलं तरी चालतं. अनेक्शर (म्हणजे फॉर्मसोबत जोडायची लेखी घोषणापत्रं) १५ होती त्याची ९ केली आणि ती साध्या कागदावर स्वतःच्या सहीने द्यायची, नोटरी वगैरे काही नाही. दोघांची संमती असेल तर अनेक्शर डी, एकाची मिळत नसेल तर सी, आणि त्यात का मिळत नाही ते लिहायचं. कोर्टाची ऑर्डर असेल तर ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही न्या.

फॉर्म भरताना लेक शेजारीच बसलेली, नऊ वर्षांची आहे. नियमात बसतंय म्हणून वडिलांचा रकाना मी रिकामाच सोडणार होते, तर म्हणे "बाबाचं नाव लिही की, तो आहेच ना माझा बाबा." लिहिलं मग. आमचं दोघांचं पटलं नाही त्यात तिच्या पासपोर्टचा काय संबंध. (माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही, असो.)

आत ए, बी, सी असे तीन काउंटर. ए ला कागद स्कॅन, फोटो, बी ला तपासणी, सी ला मंजुरी. बी ला मॅडमनी कस्टडी कुणाकडे, वडील कुठे असतात ते विचारलं, नीट बोलल्या, पण मुलांना सोबत न्यावंच लागतं त्यामुळे हे सगळं त्यांच्यासमोरच होतं. म्हणून घरीच सांगून ठेवा की असं विचारतील, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. माझी लेक तिथे बिनधास्त होती, घाम मला फुटलेला.

फी १००० रुपये, आठ वर्षांखालच्यांना १०% सूट, पासपोर्ट ५ वर्षांचा मिळतो. एक स्टार कापला तो गेटबाहेरच्या एजंट लोकांमुळे, त्यांच्याकडे बघूसुद्धा नका, सरळ आत जा.