जुनी साहसे, नवे नियम: सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जून महिन्यापासून जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या वरच्या खोलीत दर रविवारी संध्याकाळी पाच खेळाडू आणि डीएम (खेळ चालवणारा आणि राक्षसांची बाजू सांभाळणारा) म्हणून मी, असे आम्ही ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रे वठवण्याच्या खेळाचे जुने साहस त्याच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी खेळत आहोत. गॅरी गायगॅक्स यांनी पहिल्या ते तिसऱ्या लेव्हलच्या (प्रगतीच्या पायरीच्या) पात्रांसाठी लिहिलेले हे मॉड्यूल, म्हणजे छापील तयार साहस, १९७९ च्या अखेरीस बाजारात आले, आणि आमच्या मेजावरील सर्वांत ज्येष्ठ खेळाडूचा जन्म त्यानंतरचा आहे. रूपांतराचे काम आकड्यांचे आहे अशा समजुतीने मी ते हाती घेतले होते. आकड्यांना एक संध्याकाळ पुरली. उरलेले सात महिने इतर गोष्टींना लागले.

जुन्या बेसिक (प्राथमिक) नियमांत चिलखत नसलेल्या माणसाचा आर्मर क्लास, म्हणजे त्याला घाव लागणे किती अवघड याचा आकडा, ९ असतो आणि संरक्षण वाढते तसा तो आकडा उतरत जातो. नव्या नियमांत तो १० पासून वर चढतो, म्हणून १९ मधून जुना आकडा वजा केला की काम होते. कोबोल्ड या बारक्या राक्षसाचा ७ असा १२ होतो आणि नव्या पुस्तकातही तो १२ च आहे, हे पाहून मला फार बरे वाटले होते. (अ‍ॅडव्हान्स्ड या दुसऱ्या जुन्या आवृत्तीची मॉड्यूल असतील तर १९ ऐवजी २० धरावेत, कारण तेथे मोजणी १० पासून सुरू होते.) रूपांतरासाठी २०१५ मध्ये निघालेली मोफत अधिकृत मार्गदर्शिकाही मी वाचली, राक्षस जुना असला तरी त्याचा नव्या पुस्तकातील स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता) वापरावा, हा तिचा रोख सोयीचा आहे आणि बहुतेक ठिकाणी चालतोही.

आमच्याकडे तो दुसऱ्याच रविवारी फसला. जुना ऑर्क हा लढाऊ राक्षस सहा बाजूंच्या एका फाशाइतकी इजा करतो. पाचव्या आवृत्तीच्या मूळ, म्हणजे २०१४ च्या नियमांतील ऑर्क पंधरा हिट पॉइंट (जीवनशक्तीचे गुण) आणि मोठी कुऱ्हाड घेऊन येतो आणि बारा बाजूंच्या फाशावर आणखी तीन मिळवतो. पहारेकऱ्यांच्या खोलीतील चार ऑर्क मी तसेच्या तसे उभे केले, आणि पहिल्या फेरीतच दोन पात्रे जमिनीवर आडवी झाली. नंतर हिशेब केला तेव्हा कळले, की पहिल्या लेव्हलच्या पाच पात्रांसाठी ‘प्राणघातक’ लढतीची मर्यादा ५०० अनुभवगुणांची असते आणि राक्षसांच्या संख्येचा गुणक धरल्यावर हे चार ऑर्क ८०० गुणांचे होते. तेव्हापासून मी ऑर्कांना साध्या डाकूचा स्टॅट ब्लॉक देतो: आर्मर क्लास १२, हिट पॉइंट ११, इजा एक सहा बाजूंचा फासा अधिक एक. वजाबाकीने येणारा आकडाही १२ च आहे.

यापेक्षा खोल गोष्ट सोन्याची होती. जुन्या नियमांत हस्तगत केलेल्या एका सुवर्णमुद्रेमागे एक अनुभवगुण मिळतो आणि पात्रांची बहुतेक प्रगती त्यातूनच होते, त्यामुळे राक्षसाला न मारता त्याचा खजिना पळवणे हाच शहाणपणा ठरतो; संपूर्ण मॉड्यूल त्याच गृहीतावर रचलेले आहे. नव्या नियमांत गुण प्रामुख्याने राक्षसांना हरवल्याबद्दल मिळतात, म्हणून माझे खेळाडू प्रत्येक गुहेत शिरून सरसकट कत्तल करू लागले आणि चौथ्या रविवारी सगळ्यांनाच कंटाळा आला. सोन्याचे गुण जसेच्या तसे द्यावेत तर दुसरा पेच पडतो: जुन्या फायटरला (योद्ध्याला) दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० गुण लागत, नव्याला ३०० पुरतात, चौथ्या लेव्हलसाठी जुने ८,००० आणि नवे २,७०० असे प्रमाण पडते. मी पाच सुवर्णमुद्रांना एक गुण असा दर ठरवला आणि राक्षस मारण्याचे गुण पूर्ण बंद केले. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब सांभाळणारा आमचा मित्र त्या दिवशी प्रथमच सरसावून बसला आणि म्हणाला, “दादा, मग जीव धोक्यात घालून मारायचं कशाला? गल्ला उचलू आणि निघू.” मॉड्यूल त्या संध्याकाळपासून खऱ्या अर्थाने सुरू झाले, असे मी मानतो.

वेळेचा हिशेबही जुन्यातूनच आणावा लागला. भुयारात दहा मिनिटांचा एक टर्न, दर दोन टर्नांनंतर भटक्या राक्षसासाठी एक फासा, आणि सहा टर्नांत मशाल विझलेली, अशी ती पद्धत आहे. मी स्टीलच्या वाटीत सहा चिंचोके ठेवतो आणि दर टर्नला एक बाहेर काढतो. वाटीत दोनच उरले, की शेंगाचटणीकडे वळलेले हातही थांबतात. नव्या नियमांत प्रकाशाचा मंत्र हवा तितक्या वेळा टाकता येतो, त्यामुळे मशालीची धास्ती कमी होते हे खरे, पण भटक्या राक्षसाची उरते आणि तासाभराच्या विश्रांतीला किंमत येते.

ब्री-यार्कचा किस्सा सांगितल्यावाचून राहवत नाही. मॉड्यूलमधील किल्ल्यात ऐकू येणाऱ्या अफवांपैकी एक सांगते, की ‘ब्री-यार्क’ म्हणजे गॉब्लिन या ठेंगण्या राक्षसांच्या भाषेत ‘आम्ही शरण आलो’. ती अफवा खोटी आहे; ती गॉब्लिनांची मदतीची हाक असून त्यांचे पहारेकरी त्याच वेळी २५० सुवर्णमुद्रांची थैली शेजारच्या ओगर या दांडग्या राक्षसाकडे फेकून त्याला लढाईत ओढतात. माझ्या मावसभावाने आमच्या खोलीत ती आरोळी इतक्या जोरात ठोकली, की खालून आईने “काय रे झालं?” म्हणून विचारले. आलेल्या ओगरचे हिट पॉइंट ५९ आणि एका फटक्याची सरासरी इजा १३, म्हणजे पहिल्या लेव्हलच्या पात्राचा एका घावात निकाल. येथे जुना मनोधैर्याचा नियम कामी आला. पहिला गॉब्लिन पडताच मी दोन फासे टाकले, बेरीज त्यांच्या मनोधैर्याच्या ७ या आकड्याच्या वर गेली आणि ते पळाले. एकट्या पडलेल्या ओगरशी हिशेबनीसाने त्याच थैलीवर आणखी रक्कम ठेवून सौदा केला. नव्या मुख्य नियमांत अशी ठरलेली तपासणी नसल्यामुळे राक्षस शेवटच्या श्वासापर्यंत लढत राहतात आणि लढती विनाकारण लांबतात.

ऑक्टोबरमध्ये आम्ही त्याच आवृत्तीच्या २०२४ च्या सुधारित नियमांवर आलो. त्यात अचानक हल्ला झालेल्याची पाळी बुडत नाही, केवळ इनिशिएटिव्हवर (पाळीचा क्रम ठरवणाऱ्या फाशावर) डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान आकडा घेणे) येतो, त्यामुळे दबा धरून बसलेले राक्षस पूर्वीइतके घातक राहिले नाहीत. २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या राक्षसांच्या पुस्तकात ऑर्कचा स्टॅट ब्लॉकच नाही. आमचे ऑर्क आधीच डाकू झालेले असल्यामुळे आम्हाला काहीच बदलावे लागले नाही. या काळात खरा मनस्ताप दिला तो छपाईने: विकत घेतलेल्या पीडीएफची स्पायरल प्रत करून देणाऱ्या दुकानाने गुहांचा नकाशा उलटा बांधला, आणि दोन रविवार मी उत्तरेला दक्षिण सांगत होतो.

मेड्युसाचे मात्र मला अजून जमलेले नाही. जुन्या नियमांत तिच्याशी नजर भिडली आणि एक फासा चुकला, की पात्र दगड होते. २०१४ च्या नियमांत फासा पाच किंवा अधिकने चुकला तरच तसे होते, एरवी पहिल्या चुकीला शरीर जखडते आणि सावरण्याची आणखी एक संधी मिळते. संक्रांतीच्या गड्डा जत्रेमुळे एक रविवार बुडाल्यानंतर गेल्या आठवड्यात आमचे खेळाडू तिच्या कोठडीशी पोहोचले, मी सौम्य नियम लावला, सगळे वाचले, आणि घरी जाताना आमच्या शिक्षिका खेळाडू जिन्यात थांबून म्हणाल्या, “तुम्ही आम्हाला वाचवलंत ना?”