सॉफ्ट स्किल्स प्रशिक्षण: गर्दीचे दोन हंगाम उलटल्यानंतरचा अनुभव
अंधेरी पूर्वेला घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचे जे सेवा केंद्र मी सांभाळते, तेथील तंत्रज्ञांना आणि फोनवर तक्रारी घेणाऱ्या मुलींना उन्हाळ्यापूर्वी सॉफ्ट स्किल्सचे, म्हणजे संवाद आणि वागणुकीच्या कौशल्यांचे, प्रशिक्षण दिले गेले. एसीचा हंगाम आणि पाठोपाठचा पावसाळा पार पडल्यावर हे लिहीत आहे.

शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या फॉर्मवर सर्वांनी उत्तम शेरे दिले होते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचे मूल्यमापन प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम अशा चार पातळ्यांवर मांडले. हा फॉर्म त्यांतली केवळ पहिली पातळी. म्हणून मी जॉबकार्डे, म्हणजे प्रत्येक दुरुस्तीच्या नोंदी, पाहत राहिले.

पूर्वी ‘कूलिंग नाही’ एवढे ऐकताच तंत्रज्ञ गॅसचा अंदाज बांधून मोकळा होत असे. आता तो बिघाड कधीपासून आहे, दिवसभर असतो की दुपारीच, आधी कोणी उघडून पाहिले होते का, हे विचारतो आणि ऐकलेली तक्रार ग्राहकाला पुन्हा सांगून खात्री करून घेतो. त्यामुळे योग्य पार्ट पहिल्याच फेरीत बरोबर जातो आणि रिपीट कॉल, म्हणजे त्याच बिघाडासाठी पुन्हा माराव्या लागणाऱ्या फेऱ्या, स्पष्टपणे घटले आहेत. फोनवरही पार्ट आला नसेल तर ते आदल्या दिवशीच कळवले जाते, आणि माझ्या मते सर्वांत मोठा फरक याच सवयीने पडला.

इंग्रजी अभिवादने आणि देहबोलीच्या स्लाइड्स मात्र वाया गेल्या. आमच्याच नोंदवलेल्या फोन कॉलवर मराठी-हिंदीत केलेला सराव टिकला, तोही ज्या सुपरवायझरने शनिवारचा अर्धा तास चालू ठेवला त्याच्याच गटात.

कंपनीने एक विसंगती दूर करायलाच हवी. नीट ऐकून घ्या असे शिकवायचे आणि दिवसाच्या कॉलचे टार्गेट तेच ठेवायचे, यात भर पावसात मरोळहून साकीनाक्याला पोहोचणाऱ्या माणसाची कोंडी होते. पगाराचा प्रश्नही आहेच. बंगळूरच्या कपड्यांच्या कारखान्यांतील महिला कामगारांवर अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत न्याशाधम यांनी केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित कामगारांची उत्पादकता १३.५ टक्के अधिक आढळली, वेतनवाढ मात्र जेमतेम ०.५ टक्के होती. रिपीट कॉल घटवणाऱ्या तंत्रज्ञाला इन्सेंटिव्ह मिळावा, असा लेखी प्रस्ताव मी व्यवस्थापनाकडे दिला आहे. तो मान्य झाला, तरच पुढच्या तुकडीसाठी हे प्रशिक्षण मी आग्रहाने मागेन.