लेझर डिंगी (शिडाची छोटी बोट): पवना धरणावर काही सीझन वापरून, परवा विकल्यानंतरचा अनुभव

बरेच दिवस लिहायचं होतं, पण बोट आपल्याकडे असताना लिहिलं की जाहिरात वाटते. आता विकली, पैसे आले, बोट नव्या मालकिणीकडे पोचली, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते. पुण्यात राहून स्वतःची शिडाची बोट ठेवता येते का, कुठली घ्यावी, त्रास किती, हे विचारणारे बरेच भेटतात, त्यांच्यासाठी. आणि थोडं माझ्यासाठीही, कारण या बोटीवर माझा फार जीव होता.

बोट म्हणजे लेझर. २०१९ पासून तिचं अधिकृत नाव आयएलसीए झालंय पण आपल्याकडे सगळे अजून लेझरच म्हणतात. ब्रूस कर्बी नावाच्या कॅनडाच्या डिझायनरने १९६९ मध्ये फोनवर बोलता बोलता पहिलं स्केच काढलं होतं, आणि मूळ कल्पना अशी होती की सुट्टीला जाताना गाडीच्या टपावर टाकून नेता येईल अशी बोट हवी. पुढे १९९६ पासून ती ऑलिंपिकमध्ये आली. आपली नेत्रा कुमानन टोकियोला गेली ती याच बोटीच्या रेडियल, म्हणजे मधल्या मापाच्या शिडाच्या, प्रकारात. पण टपावर टाकायची बोट ही जी मुळातली कल्पना आहे ना, ती पुण्यातल्या माणसाला सगळ्यात उपयोगी पडते. सव्वाचार मीटर लांब, नुसता हल, म्हणजे बोटीचं अंग, एकोणसाठ किलोच्या आसपास, मास्ट, म्हणजे शिडाचा खांब, दोन तुकड्यांत निघतो. दोघं मिळून साध्या कॅरियरवर चढवायचो, कोथरूडहून पौड, कोळवण, तिकोना पेठ असं करत पवनेला. नंतर मात्र काठावरच्या एका गावात ओळखीच्या दादांच्या पडवीत कायमची जागा मिळाली. वहिनी आम्ही पोचायच्या आधी पडवी झाडून ठेवायच्या. अशी माणसं नसती तर एवढी वर्षं बोट टिकलीच नसती, हे अगदी मनापासून.

सेकंडहँड घेतली होती. आपल्याकडे जुन्या लेझर रेसिंगवाल्यांकडूनच मिळतात. हैदराबादच्या हुसेन सागरवर लेझरच्या मोठ्या स्पर्धा होतात, मुंबई, गोवा, चेन्नईतही बोटी आहेत, तिकडे ओळखी काढाव्या लागतात. घ्यायला जाल तेव्हा फोटो आणि पॉलिश बघून निर्णय घेऊ नका. मास्ट ज्या भोकात बसतो त्यात काठोकाठ पाणी ओता आणि तासभर थांबा. पाण्याची पातळी खाली गेली तर ते पाणी हलच्या आत चाललंय, आणि तिथेच बोट एक दिवस जोराच्या वाऱ्यात मास्टसकट फाटते. मग डेकवर, मास्टच्या आजूबाजूला आणि कॉकपिटच्या (बसायच्या खोलगट जागेच्या) कडेला अंगठ्याने दाबत जा, मऊ लागलं की आतला फोम गेला. दोन वजनकाट्यांवर दोन टोकं ठेवून वजन घ्या, पाच-सात किलो जास्त भरलं तर ते पाणी आहे आणि ते सहजी निघत नाही. वरचा मास्ट जमिनीवर गोल फिरवून बघा, वाकलेला लगेच कळतो. सेल, म्हणजे शीड, जुना असेल तर काही बिघडत नाही. रेस करायची नसेल तर प्रॅक्टिसचा साधा सेल पुरतो आणि बराच स्वस्त पडतो.

या बोटीची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हल तोच ठेवून खालचा मास्ट आणि सेल बदलला की बोट वेगळ्या वजनाच्या माणसाची होते. मोठा सेल ७.०६ चौरस मीटर, रेडियल ५.७६, आणि सगळ्यात लहान ४.७. मी साठ किलोच्या आतली, मला एप्रिलच्या वाऱ्यात मोठा सेल झेपणारच नव्हता, रेडियलवर मात्र अशी पळायची की पाण्यावरून उचलली जातेय असं वाटायचं. नवरा ऐंशी किलोच्या घरात, तो मोठा लावायचा. एकच बोट, दोघांची दोन रूपं. दोघं एकत्र बसू शकता पण मजा नाही, ही एकट्याचीच बोट आहे.

वाऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण समुद्रावर शिकलेले लोक इथे येऊन गोंधळतात. मीही मुंबईत शिकले, तिथे वारा एका बाजूने सरळ येतो. पवनेला एका अंगाला लोहगड-विसापूर, दुसरीकडे तिकोना, तुंग पाण्यात घुसलेला, त्यामुळे वारा डोंगराला वळसे घालत येतो, मध्येच एकदम पडतो आणि पुढच्या क्षणी दुसऱ्याच दिशेने झोत. ऑक्टोबरात धरण काठोकाठ भरलेलं, सगळं हिरवं, आणि वारा जवळजवळ नाहीच. थंडीत सकाळी पाणी आरशासारखं. फेब्रुवारी संपता संपता दुपारी पश्चिमेकडून वारा सुटायला लागतो आणि मे पर्यंत वाढत जातो. म्हणजे वारा सगळ्यात चांगला तेव्हा पाणी सगळ्यात कमी! धरण उतरलं की काठापासून पाण्यापर्यंत लांबच लांब गाळ, ट्रॉलीची चाकं रुततात, जुन्या शेतांचे बांध आणि झाडांचे खुंट पाण्याच्या जेमतेम खाली असतात, त्यांच्यावर डॅगरबोर्ड, म्हणजे बोटीच्या तळातून पाण्यात उतरणारी उभी फळी, आपटतो. आणि उथळ पाण्यात बोट पूर्ण उलटी झाली की मास्टचं टोक गाळात रुतून बसतं, मग डॅगरबोर्डवर उभं राहून कितीही वजन टाका, सरळ होत नाही. अशा वेळी घाई करायची नाही, बोट वाऱ्याने हळूहळू फिरू द्यायची, मास्ट ज्या दिशेने घुसलाय त्याच दिशेने सोडवायचा. आणि वळवाचं लक्षात ठेवा. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर पूर्वेकडे काळं भरायला लागलं की वारा कितीही छान असू दे, काठ गाठायचा. पावसाआधीचा तो पहिला झोत उलट्या दिशेने येतो, आणि त्याच्याआधी काही मिनिटं वारा एकदम मरतो. लाइफ जॅकेट आणि काठावर फोन घेऊन बसलेलं एक माणूस, याशिवाय मी कधी उतरले नाही. कुठल्याही धरणात उतरायच्या आधी परवानगीचं मात्र नीट विचारून घ्या. हे पिण्याचं पाणी आहे, पवनेचं पिंपरी-चिंचवडला जातं, आणि शिडाच्या बोटीत ना डिझेल ना ऑइल, याचं मला नेहमी बरं वाटायचं.

देखभाल गोड्या पाण्यात खूपच कमी. मुंबईवाल्यांसारखं प्रत्येक वेळी मीठ धुवत बसायला नको, ब्लॉक (दोरीच्या कप्प्या) आणि क्लीट (दोरी अडकवायचे चाप) वर्षानुवर्षं चालतात. आपल्याकडे खरा शत्रू ऊन. दोऱ्या कडक होतात, सेलचं कापड ठिसूळ होतं, हलचा रंग उडतो, म्हणून वापरून झालं की सेल गुंडाळून सावलीत आणि हलवर जाड कव्हर. पावसाळ्यात मावळातला पाऊस माहितीच आहे, बोट पालथी, प्लग काढलेला, सेल घरी पुण्यात. नाहीतर बुरशी.

आता विकायचं कारण. लेझरमध्ये जोराच्या वाऱ्यात बोट सपाट ठेवायची तर पाय पट्ट्यात अडकवून मांड्यांच्या जोरावर अख्खं अंग बाहेर टाकून बसावं लागतं, तासन् तास. माझ्या उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस, म्हणजे आतली कूर्चा, फाटला, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी चालणं, पोहणं, सायकल सगळ्याला हो म्हणून एवढ्याच एका गोष्टीला स्पष्ट नाही म्हटलं. हलक्या वाऱ्यात चालवत राहिले असते, पण मार्चची दुपार काठावर बसून बघायची आणि बोट पडवीत पालथी, हे मला सहन होईना. ही बोट वाऱ्यातच असायला हवी. नवऱ्याने एकट्याने चालवायला नकार दिला, म्हणाला, तुझी बोट आहे, तू नसताना नाही. त्यावरून घरात दोन दिवस रडारड झाली हेही लिहिते.

पहिला गिऱ्हाईक एका रिसॉर्टसाठी मागत होता, लॉनवर शोभेला ठेवायला, जास्त पैसे देत होता. नाही म्हटलं. शेवटी वाकडची एक इंजिनिअरिंगची मुलगी वडिलांना घेऊन आली. वडील किमतीचं विचारत होते आणि ती मास्टच्या भोकात पाणी ओतून घड्याळ बघत बसली होती. तिथेच माझा निर्णय झाला. किंमत कमी केली, रेडियलचे दोन्ही सेल, जादा टिलर एक्स्टेन्शन (सुकाणूचा लांब दांडा), ट्रॉली सगळं दिलं. तिने पाण्यात नेली आणि पहिल्याच झोतात शीट, म्हणजे सेल आवळायची दोरी, न सोडता बाहेर झुकली. बोट सपाट सुटली, मी काठावरून ओरडलेच जोरात. नंतर वहिनींनी दोघींना चहा दिला आणि तिला सांगितलं, पडवी तुझीच आता, पोरी. वडिलांनी भाड्याचं विचारलं तर दादा म्हणाले ते नंतर बघू.

बोटीचं नाव टिटवी, काठावर भरपूर असतात म्हणून ठेवलेलं. काकू, बदलू का, असं तिने विचारलं. म्हटलं तुझी आहे, तुला आवडेल ते ठेव.

कोणी घेऊ नये तेही सांगते: ज्यांना आईवडील, मुलं बसवून फिरायचंय, ज्यांना कोरडं राहायचंय, ज्यांचे गुडघे किंवा कंबर आधीच कुरकुरतात त्यांनी नको. त्यांच्यासाठी दोघातिघांची रुंद डिंगी बघा, मीही आता तसलीच शोधतेय, जिच्यात बाकावर बसून सुकाणू धरता येईल. एकटं जायचंय, शरीर साथ देतंय, आणि काठाशी एखादं घर ओळखीचं करून घेता येतंय, तर एवढ्या पैशात याच्यापेक्षा जास्त देणारी बोट मला तरी माहीत नाही.

काल तिचा फोन आला, वाऱ्याच्या विरुद्ध जाताना बोट फार कलंडते म्हणाली. सांगितलं, कनिंगहॅम (सेलची पुढची कड खाली ताणणारी दोरी) अजून ओढ, व्हँग (सेलखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, खाली ओढून धरणारी दोरी) घट्ट ठेव, झोत आला की आधी शीट थोडी सोड आणि मग बाहेर झुक. आडव्या वाऱ्याला लागलीस की मात्र व्हँग ढिला कर, नाहीतर बूमचं टोक पाण्यात जाईल. शनिवारी परत जातेय म्हणाली, मीही येते म्हटलं, काठावर फोन घेऊन बसायला कोणीतरी लागतंच.