कांद्याची पोळ झाकायची? उपग्रहाचं चित्र बघा की रडारचं

एप्रिलमध्ये निफाडकडे कांदा काढून शेतात पोळ, म्हणजे रास, घातलेली असते आणि दुपारी आभाळ भरायला लागतं. ताडपत्री आत्ता ओढायची की थांबायचं? हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहांची चित्रं असतात, रडारचंही असतं. पण प्रत्येकाचं काम वेगळं.

दिवसा मी आधी 'व्हिजिबल' उघडतो. हा जवळपास फोटोच. 1 किमीपर्यंतचा तपशील दिसतो, इन्फ्रारेडमध्ये 4 किमी. सकाळी पिंजलेल्या कापसासारखे ठिपके असतात. दुपारी एखादा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा खडबडीत झाला आणि कड धारदार राहिली, तर ढग वर चढतोय. उन्हं कलल्यावर उंच ढगाची सावली पूर्वेच्या बुटक्या ढगांवर पडते. ती दिसली की मी बाकी काही बघत नाही, थेट शेत गाठतो. रात्री मात्र हे चित्र काळंठिक्कर.

मग इन्फ्रारेड. ते ढगाच्या माथ्याचं तापमान दाखवतं. जितकं पांढरं तितकं थंड, म्हणजे उंच. पण फसवतंही. वादळ ओसरल्यावर उरलेला ऐरणीसारखा पातळ ढग बराच वेळ पांढराशुभ्र दिसतो आणि खाली थेंब नसतो. एकदा त्याला भिऊन पोळ झाकली, ऊन पडलं, आणि आत कांदा घामेजला. उलट जुलैत घाटाला अडून कोसळणारा पाऊस पुष्कळदा बुटक्या ढगांतला असतो. तो इथे नुसता करडा. म्हणून लागोपाठची दोन-तीन चित्रं बघावीत: डाग अजून गार होतोय की नुसताच विरळ पसरतोय?

बाष्पाचं, म्हणजे हवेतल्या वाफेचं, चित्र उद्या-परवाच्या अंदाजाला ठीक, पोळ आत्ता झाकायची का हे ठरवायला नाही.

वळवाचा एकटा ढग तासाभरात जन्मून, बरसून संपतो. एका उपग्रहाचं चित्र अर्ध्या तासाने येतं, म्हणजे निम्मं आयुष्य गेलंच. शेवटच्या तासाला रडारच हवं: ते ढग नव्हे, त्यातले थेंब आणि गारा टिपतं, तेही पटापट. फक्त मुंबईच्या रडारला सह्याद्री आडवा येतो, त्यामुळे रडार कोरं म्हणून आपलं आभाळ कोरं समजू नका.

3 जून 2020 च्या 'निसर्ग'सारखं चक्रीवादळ असेल तर उलटं: समुद्रात दूर असताना उपग्रहच खरा, किनारा जवळ आला की रडार.

आणि वेळ नीट वाचा. चित्रावर ग्रिनिचची वेळ असेल तर साडेपाच तास मिळवा. 'नऊ' म्हणजे दुपारचे अडीच, आणि ते चित्र हातात पडेपर्यंत घड्याळात तीन वाजायला आलेले असतात.