पोकरची पुस्तकं: बरेच महिने वापरल्यावर कोणती हाताशी राहिली

पोकरवरची पुस्तकं वाचायला सोपी आणि वापरायला अवघड असतात. पहिल्या वाचनात सगळंच पटतं. पत्त्यांचा कॅट, वही आणि पेन्सिल घेऊन तीच पुस्तकं पुन्हा पुन्हा उघडायला लागलं की फरक दिसतो. काही पुस्तकांतला हिशोब आपल्याला आपल्या आकड्यांनी नव्याने मांडता येतो, काहींत मात्र ‘हे खेळा, ते टाका’ एवढंच असतं. दुसऱ्या प्रकारची पुस्तकं दोन-तीन वर्षांत शिळी होतात. पहिल्या प्रकारची चाळीस वर्षं जुनी असली तरी चालतात. खालचं सगळं नो-लिमिट टेक्सस होल्डेम धरून लिहिलं आहे: प्रत्येकाला दोन बंद पत्ते, मधे सगळ्यांचे पाच (आधी तीन म्हणजे फ्लॉप, मग चौथा टर्न, शेवटी पाचवा रिव्हर), आणि बेटला, म्हणजे लावलेल्या रकमेला, वरची मर्यादा नाही.

तीन पत्तीवरून पोकरकडे येणाऱ्यांनी पुस्तक उघडण्याआधी एक गोष्ट पक्की करावी. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने पत्ते) कलरच्या (सगळे एकाच रंगाचे) वर, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. कारण मोजणीत आहे. प्युअर सिक्वेन्स वगळून तीन पत्त्यांत कलर १,०९६ प्रकारे होतो आणि सिक्वेन्स ७२० प्रकारे. पाच पत्त्यांत कलर ५,१०८ प्रकारे आणि सिक्वेन्स १०,२०० प्रकारे. जे दुर्मीळ ते वर.

आता पुस्तकं. डेव्हिड स्क्लान्स्की यांचं ‘द थिअरी ऑफ पोकर’ १९८७ चं आहे आणि अजूनही पहिलं तेच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. त्याचा गाभा एका विधानात आहे: समोरच्याचे पत्ते दिसत असते तर तुम्ही जसे खेळला असता, त्यापेक्षा वेगळे खेळलात की फायदा त्याचा; तो तसा वेगळा खेळला की फायदा तुमचा. अडचण एवढीच की बरीचशी उदाहरणं सेव्हन-कार्ड स्टड, रॅझ, ड्रॉ अशा खेळांतली आणि ठरलेल्या आकाराच्या बेटची आहेत. म्हणून नवखा वाचक निम्म्यात पुस्तक ठेवून देतो. उपाय असा की प्रत्येक कल्पना होल्डेममध्ये स्वतः मांडायची. सेमी-ब्लफचं, म्हणजे अजून न बनलेल्या पण पुढच्या पत्त्याने बनू शकणाऱ्या हातावर केलेल्या बेटचं, प्रकरण घ्या. टर्नवर पॉट (मधे जमलेली रक्कम) १,००० आहे, तुमच्याकडे कलरला एक पत्ता कमी आहे, म्हणजे ४६ न दिसलेल्या पत्त्यांपैकी ९ कामाचे. तुम्ही ६०० ची बेट करता. हातात काहीच नसतं तर ही बेट तोट्यात जाऊ नये म्हणून समोरच्याने १,६०० पैकी ६०० च्या प्रमाणात, म्हणजे ३७.५ टक्के वेळा फोल्ड करायला, म्हणजे पत्ते टाकायला हवं. पण कॉल झाला, म्हणजे त्यानेही तेवढेच घातले, तरी १९.६ टक्के वेळा तुमचा पत्ता येतो. ९/४६ गुणिले १,६०० वजा ३७/४६ गुणिले ६०० केलं की कॉल झाल्यावरचा सरासरी तोटा १७० च्या आसपास येतो. तेवढा भरून काढायला साडेचौदा टक्के फोल्ड पुरतात.

इथे थांबणारे बरेच असतात आणि नेमके इथेच चुकतात. तुम्ही शेवटी बोलणारे असाल आणि समोरच्याने चेक केला (बेट न करता पुढे सोडलं) असेल, तर चेक करून रिव्हरचा पत्ता फुकट मिळतो. त्या फुकट पत्त्याची किंमत १,००० च्या १९.६ टक्के, म्हणजे १९६. बेट चेकपेक्षा सरस ठरायला फोल्ड साधारण ३१ टक्के हवेत. फुकट पत्त्याचं प्रकरण याच पुस्तकात आहे. दोन्ही प्रकरणं एकाच हिशोबात जोडली की पुस्तकाची खरी किंमत कळते. रिव्हरवर पुढे होणारी बेट यात धरलेली नाही, हेही वहीत लिहून ठेवावं.

टूर्नामेंट खेळणाऱ्यांसाठी डॅन हॅरिंग्टन आणि बिल रॉबर्टी यांचे ‘हॅरिंग्टन ऑन होल्डेम’चे तीन खंड. पहिला २००४ चा, दुसरा २००५ चा, तिसरा, म्हणजे सरावाचा, २००६ चा. हॅरिंग्टन १९९५ चे वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचे विजेते. २००३ ला तिसरे आणि २००४ ला चौथे आले. स्पर्धकांची संख्या शेकड्यांवरून हजारांवर गेली त्या दोन वर्षांत सलग शेवटच्या टेबलावर पोचलेल्या माणसाचं हे लेखन आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी डाव दिलेले आहेत आणि प्रत्येक निर्णयापाशी डाव थांबवून प्रश्न विचारलेला आहे. हे डाव वाचायचे नसतात, सोडवायचे असतात. पोस्टकार्डाएवढा जाड कागद उत्तरावर ठेवा, आपलं उत्तर बेटच्या आकड्यासकट लिहा, मग कागद खाली सरकवा. ‘रेझ’ (बेट वाढवणं) एवढंच लिहिलं तर काही शिकायला मिळत नाही, कारण चूक बहुधा आकड्यात असते.

दुसऱ्या खंडातला ‘एम’ हा या संचाचा सगळ्यात टिकाऊ भाग. पोकर खेळाडू पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून हे अक्षर आलं. आपला स्टॅक (समोरच्या सगळ्या चिप) भागिले एका फेरीचा खर्च, एवढंच. खर्च म्हणजे दोन्ही ब्लाइंड (डावाआधी दोघांनी सक्तीने भरायच्या रकमा, त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड) आणि सगळे अँटे (प्रत्येकाने भरायची छोटी रक्कम). २० च्या वर हिरवा पट्टा, १० ते २० पिवळा, ६ ते १० नारिंगी, १ ते ५ लाल, एकच्या खाली मेलेला. पुस्तकाच्या काळातली रचना घ्या: ब्लाइंड २००-४००, अँटे ५०, नऊ खेळाडू. फेरीचा खर्च ६०० अधिक ४५०, म्हणजे १,०५०. स्टॅक ८,४०० असेल तर एम बरोबर ८.

आज बहुतेक ठिकाणी बिग ब्लाइंड अँटे असतो, म्हणजे बिग ब्लाइंडवाला एकटाच सगळ्यांचा अँटे भरतो. ब्लाइंड २००-४०० आणि अँटे ४०० असेल तर फेरी १,००० ची, एम ८.४. इथवर फरक किरकोळ आहे. टेबलावरचे लोक कमी झाले की घोळ सुरू होतो. जुन्या पद्धतीत माणूस उठला की त्याचा अँटेही जायचा आणि फेरी स्वस्त व्हायची. आता सहा जण उरले तरी फेरी १,००० चीच, आणि ती सहा डावांत संपते. पुस्तकात यावर उपाय दिलेला आहे: एमला खेळाडूंच्या संख्येने गुणायचं आणि १० ने भागायचं. ८.४ चे साधारण ५ होतात, म्हणजे नारिंगीतून थेट लाल. हा गुणाकार आज पुस्तकाच्या काळापेक्षा जास्त गरजेचा आहे आणि लोक नेमका तोच विसरतात.

जुनं झालंय ते रेझच्या आकारांचं. तीन-चार बिग ब्लाइंडची सुरुवातीची रेझ तेव्हा रूढ होती. आज टूर्नामेंटमध्ये दोन ते अडीच पुरते. याचंही गणित करून बघा. मधे अडीच बिग ब्लाइंड (छोट्या ब्लाइंडचा अर्धा, मोठ्याचा एक, अँटेचा एक) पडलेले आहेत. तीनची रेझ केली तर सगळ्यांनी मिळून ५४.५ टक्के वेळा पत्ते टाकायला हवेत, दोनची केली तर ४४.४ टक्के पुरतात. २१ बिग ब्लाइंडच्या (वरच्या ८,४०० च्या) स्टॅकला हा फरक फार मोठा आहे. सुरुवातीच्या, म्हणजे आधी बोलावं लागणाऱ्या, जागांवरून फार थोडे हात खेळण्याचा सल्लाही आज घट्ट वाटतो, पण नवख्याचं त्यात नुकसान नाही.

‘द मॅथेमॅटिक्स ऑफ पोकर’ (२००६, बिल चेन आणि जेरॉड अँकेनमन) हे अनेकांच्या कपाटात नुसतंच उभं असतं. पानंच्या पानं समीकरणं आहेत. सगळं वाचायचा अट्टहास सोडा आणि एक्का-राजा-राणीचा खेळ तेवढा करा. मला हे पुस्तक तेवढ्यासाठीच घेण्यासारखं वाटतं. कॅटमधून तीनच पत्ते काढा: एक एक्का, एक राजा, एक राणी. दोघांनी एकेक नाणं मधे टाकायचं, पॉट दोन. प्रत्येकाला एक पत्ता, तिसरा उपडा. पहिल्याने एक नाण्याची बेट करायची किंवा चेक. दुसऱ्याने कॉल किंवा फोल्ड. मोठा पत्ता जिंकतो.

एक्का आला की पहिल्याने बेट करायचीच. राजाने बेट करण्यात अर्थ नाही, कारण एक्का कॉल करतो आणि राणी फोल्ड करते. प्रश्न राणीचा. समोर राजा असलेल्याला एक नाणं घालून तीन जिंकायचे आहेत, म्हणजे चारात एकदा बरोबर ठरला तरी त्याचं भागतं. त्याला पेचात ठेवायचं तर तुमच्या बेटमध्ये एकास तीन असं ब्लफ आणि एक्क्याचं प्रमाण हवं, म्हणून राणीने तीनात एकदा ब्लफ. दुसऱ्या बाजूने बघितलं तर राजानेही तीनात एकदाच कॉल करायचा असतो, कारण राणीवाल्याच्या समोर एक्का असण्याची शक्यताच निम्मी असते आणि तो कॉल करणारच असतो. आता बेट पॉटएवढी, दोन नाण्यांची करा. राणीचा ब्लफ निम्म्या वेळा होतो आणि राजाने कॉल करायची गरजच उरत नाही. बेटचा आकार बदलला की ब्लफचं आणि कॉलचं प्रमाण दोन्ही कसे हलतात, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

हा खेळ दोघांनी मिळून शंभर-दीडशे डाव खेळावा आणि प्रत्येक डाव लिहावा. ‘तीनात एकदा’ मनाने ठरवायला गेलं की माणूस ठरावीक क्रमात अडकतो आणि समोरच्याला तो क्रम कळतो. हॅरिंग्टन यांनी घड्याळाच्या सेकंदकाट्याचा वापर सांगितला आहे, तोच इथे लावा: काटा शून्य ते वीसमध्ये असेल तर ब्लफ, नाहीतर चेक. वहीत हमखास दिसणाऱ्या चुका दोन. राणीने कधीच ब्लफ न करणारा माणूस एक्क्यावर जादा नाणं कमवू शकत नाही, कारण राजा लगेच फोल्ड करतो. राणीने दरवेळी ब्लफ करणाऱ्याला राजा दरवेळी पकडतो.

सॉल्व्हर (सर्वोत्तम खेळ मोजून काढणारे संगणक प्रोग्रॅम) आल्यानंतरच्या पुस्तकांत मायकेल असेवेडो यांचं ‘मॉडर्न पोकर थिअरी’ (२०१९) जाडजूड आणि नीट रचलेलं आहे. त्यातल्या, कोणता हात कसा खेळायचा ते दाखवणाऱ्या १३ गुणिले १३ चौकटींच्या तक्त्यांसाठी फोन वापरू नका. चौकटी वाचता येत नाहीत आणि मग माणूस अंदाजाने पाठ करतो. त्याआधी मोजणी बोटांवर हवी. दोन पत्त्यांचे एकूण हात १,३२६. कुठलीही जोडी ६ प्रकारे, एकाच रंगाचे दोन ठरावीक पत्ते ४ प्रकारे, वेगळ्या रंगांचे १२ प्रकारे. म्हणजे एक्का-राजा १६ प्रकारे येतो आणि दोन एक्के ६ प्रकारे. फ्लॉपवर एक एक्का पडला की दोन एक्के ६ वरून ३ वर येतात आणि एक्का-राजा १६ वरून १२ वर. ही वजाबाकी सवयीची झाली की तक्ते बोलायला लागतात. नाहीतर ते पाठांतर राहतं, आणि समोरचा तक्त्याबाहेरचं काही खेळला की कोसळतं.

कॅश गेमसाठी (टूर्नामेंट नसलेल्या, थेट पैशाच्या टेबलासाठी) ‘प्रोफेशनल नो-लिमिट होल्डेम’ (२००७, फ्लिन, मेहता, मिलर) एका गुणोत्तरासाठी ठेवावं: फ्लॉपला उरलेला स्टॅक भागिले पॉट. १०० बिग ब्लाइंडला साधी तीनची रेझ आणि बिग ब्लाइंडचा कॉल झाला तर ९७ भागिले ६.५, म्हणजे जवळपास १५. एवढ्या मोठ्या आकड्याला टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची एकटी जोडी घेऊन सगळा स्टॅक घालणं महागात पडतं; आकडा चारच्या आसपास असेल तर तेच चालतं.

ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने भारतात पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, त्यामुळे स्क्रीनवरच्या आकडेवारीवर उभी असलेली २००६ ते २०११ च्या काळातली पुस्तकं इथल्या वाचकाला आता फारशी उपयोगाची नाहीत. पणजीला मांडवीवरच्या कॅसिनोत टेबलावर बसणाऱ्याने एड मिलर यांचं ‘द कोर्स’ (२०१५) घ्यावं. छोट्या रकमांच्या प्रत्यक्ष टेबलांसाठीच ते लिहिलेलं आहे: लोक फ्लॉपआधी फार हात खेळतात, आणि रिव्हरला अचानक मोठी बेट आली तर ती बहुधा खरी असते, तेव्हा पैसे देत बसू नका. समोरच्याच्या हालचालींवरून त्याचे पत्ते ओळखण्यावरची पुस्तकं, माइक कॅरो यांचं १९८४ चं फोटोंचं पुस्तक धरून, यानंतर. आधी घेतली तर लोक समोरच्याच्या हाताचा थरकाप बघत बसतात आणि पॉट मोजायचा राहतो.

जॅरेड टेंडलर यांचं ‘द मेंटल गेम ऑफ पोकर’ (२०११) नुसतं वाचून काहीच होत नाही. ते लिहायचं पुस्तक आहे. टिल्टचे (डोकं फिरून खेळ बिघडण्याचे) सात प्रकार वेगळे केले आहेत, कारण अन्याय झाला म्हणून येणारा राग आणि स्वतःच्या चुकीचा राग यांचे उपाय निराळे आहेत. पाच प्रश्न लिहून काढायचे: अडचण काय, ती का येते, त्यामागचा तर्क कुठे चुकतो, दुरुस्ती काय, आणि दुरुस्ती बरोबर का. समजा दोन एक्के दोन राजांकडून हरले की डोकं फिरतं. चुकीचा तर्क असा की ‘एक्के जिंकायलाच हवेत’. दुरुस्ती आकड्यात: फ्लॉपआधी एक्के साधारण ८२ टक्के जिंकतात, म्हणजे साडेपाचात एकदा हरणं हिशोबातच आहे. पाचवं उत्तर बहुतेक जण एका ओळीत उरकतात आणि सगळ्यात जास्त काम तिथेच असतं. ते चार-पाच वाक्यांत, स्वतःच्या बोलीत लिहा, छोट्या कार्डावर उतरवून खिशात ठेवा आणि टेबलावर बसण्याआधी वाचा. डोकं तापल्यावर नवं वाक्य सुचत नाही, आधीच पाठ असलेलं तेवढं आठवतं.