हेडलाइटमधलं धुकं आणि ‘सील गेलंय’ची भीती

हेडलाइटच्या काचेला आतून धुकं धरलेलं दाखवून गॅरेजवाला म्हणाला, “सील गेलंय, खोलून पॅक करावं लागेल,” तर होकार द्यायच्या आधी हे जरूर वाचा. या एका वाक्याच्या जोरावर माझ्या गाडीचा चांगला हेडलाइट खराब केला गेला आणि त्याचे पैसेही माझ्याकडूनच घेतले गेले.

गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. दुपारी मोबाइलवर फोटो आला. उजव्या हेडलाइटच्या काचेवर आतून पातळसं धुकं, खालच्या कोपऱ्यात जरा दाट. पाठोपाठ फोन. “मॅडम, हेडलाइटमध्ये पाणी शिरलंय. असंच ठेवलं तर आत शॉर्ट होईल, वायरिंग जळेल.” आवाजात इतकी कळकळ होती की समोरचा आपल्या भल्याचंच सांगतोय असं कुणालाही वाटावं. मी म्हटलं, करा.

त्या फोटोत बॉनेटवर साबणाचा फेस आहे आणि बंपरवरून पाणी निथळतंय. म्हणजे तो वॉशिंगच्या जागीच काढलेला, गाडीवर गार पाण्याचा मारा चालू असताना. सगळी मेख इथेच आहे.

आजच्या गाड्यांचा हेडलाइट बाटलीसारखा हवाबंद नसतो, आणि ठेवताही येत नाही. हॅलोजन बल्ब लागला की आतली हवा तापून फुगते, बंद झाला की आकसते. तिला ये-जा करायला वाट नसेल तर सगळा ताण काचेच्या जोडावर येतो. म्हणून कंपनीच मागच्या बाजूला हवेसाठी छिद्रं ठेवते. काही गाड्यांत तिथे वाकवलेली छोटी रबरी नळी असते, तोंड खाली केलेली. काहींत एक लहानशी चकती चिकटवलेली असते, जिच्यातून हवा आणि वाफ जाते पण पाण्याचा थेंब जात नाही. या वाटेने बाहेरची दमट हवा आत येतेच. मग पाऊस, थंडी किंवा वॉशिंगचं पाणी यांनी काच एकदम गार पडली की आतली वाफ काचेवर दवासारखी जमते. दिवे लावून गाडी थोडा वेळ चालवली की ती निघून जाते. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत बऱ्याच कंपन्या हे स्वतःच लिहून देतात, फक्त ते पान कुणी उघडत नाही. एलईडी हेडलाइट असेल तर धुकं जायला जास्त वेळ लागतो, कारण एलईडीची बरीचशी उष्णता मागच्या बाजूने काढून घेतलेली असते, काचेपर्यंत फारशी पोचत नाही. त्या गाड्यांच्या मालकांना घाबरवणं म्हणूनच आणखी सोपं.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेले तेव्हा काच लख्ख होती. ती तशीही झालीच असती. पण बिलावर ओळ होती, ‘हेडलाइट खोलून, सुकवून, सील केला’, आणि वर तोंडी सांगितलं गेलं, “परत धुकं दिसलं तर समजा की आतून गेलाय, मग बदलावाच लागेल.” हे वाक्य किती हिशेबाने बोललेलं होतं ते नंतर उमगलं. धुकं परत येणारच होतं. जवळपास प्रत्येक हेडलाइटमध्ये कधी ना कधी येतंच. आपोआप जाणाऱ्या गोष्टीचं श्रेय घ्यायचं आणि आपोआप येणाऱ्या गोष्टीची भीती घालायची, असा हा धंदा आहे.

माझ्या बाबतीत नुसतं धुकं नाही, त्याहून वाईट आलं. पहिल्याच जोरदार पावसानंतर काचेवर आतून टपोरे थेंब, त्यांचे खाली ओघळलेले माग, आणि तळाशी चक्क पाणी साचलेलं. ते दिवे लावून जाईना. रात्री उजव्या बाजूचा झोत रस्त्यावर फाटल्यासारखा पडायचा, समोरून येणारे पुन्हा पुन्हा डिपर मारायचे. थेंबांतून प्रकाश वेडावाकडा फुटतो, आपल्याला कमी दिसतं आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. म्हणून हा प्रकार मला पैशांच्या फसवणुकीपेक्षा गंभीर वाटतो.

गॅरेजचं उत्तर तयारच होतं. “बघा, म्हटलं होतं ना? आता रिफ्लेक्टर गेला. दोन्ही बदला. एकच बदलला तर एक पांढरा, एक पिवळा दिसेल.” डावा हेडलाइट पूर्ण ठणठणीत होता. तोही बदला!

मी गाडी तिथून काढली आणि ओळखीच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांनी बंपर सैल करून हेडलाइट बाहेर काढला, पुसला आणि उजेडात धरून मला एकेक गोष्ट दाखवली.

काच आणि मागचं घर यांच्या जोडात कंपनीचा काळा चिकट मसाला असतो. हेडलाइट खोलायचा म्हणजे तो गरम करून मऊ करावा लागतो, भोवतीच्या क्लिपा काढाव्या लागतात. माझ्या हेडलाइटच्या क्लिपांच्या खाचांत जुनी धूळ घट्ट बसलेली होती आणि काळी रेघ अखंड होती. तो कधी खोललाच नव्हता. त्या रेघेवर बाहेरून पारदर्शक सिलिकॉन बोटाने फासलेलं, बोटाचे ठसे दिसावेत इतकं ओबडधोबड. तेवढ्यावर भागलं नव्हतं. हवेच्या रबरी नळीच्या तोंडातही सिलिकॉन कोंबलं होतं, आणि वरच्या चकतीवरून त्याचा थर फिरवला होता. श्वास घ्यायच्या दोन्ही वाटा बंद.

मग पाणी आलं कुठून? त्यांनी बल्बमागची डस्ट कॅप दाखवली. ती तिरकी बसलेली, एक कान खाचेत अडकलेलाच नाही, आणि कडेखाली बल्बची वायर दबून राहिलेली. त्या फटीतून पाणी आत गेलं. वाफ होऊन बाहेर पडायची वाट मात्र बुजवलेली, मग ते आतच राहिलं. ही कॅप बहुधा पहिल्या गॅरेजवाल्यांनीच सुकवायला म्हणून काढली आणि घाईत कशीबशी लावली, कारण त्याआधी त्या हेडलाइटमध्ये कधी थेंब दिसला नव्हता.

सिलिकॉनबद्दल त्यांनी सांगितलेलं आवर्जून लिहिते. ज्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते वाळताना आम्लाची वाफ सोडतं. रिफ्लेक्टरवरची चकाकी म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, त्याला ही वाफ आणि ओल दोन्ही मारक. माझ्या रिफ्लेक्टरवर खालच्या अंगाला दुधाळ डाग पडलाय. तो पुसता येत नाही. पुसायला गेलं तर उरलेली चकाकीही कापडाला लागून येते.

त्यांनी नळी मोकळी केली, चकती बदलली, बल्ब काढून मागून मंद गरम हवेने आतली ओल घालवली, कॅप नीट बसवली. मग थोड्या अंतरावरून हलकं पाणी मारून आत थेंब येतो का ते पाहिलं. आला नाही. शेवटी भिंतीसमोर गाडी उभी करून झोताची उंची लावून दिली. हेडलाइट जागेवरून काढला की हे करावंच लागतं, आणि पहिल्या गॅरेजच्या कामात याचा मागमूस नव्हता.

गाडी वॉरंटीत होती. अधिकृत सर्व्हिस सेंटरने हेडलाइटकडे पाहिलं, सिलिकॉन बघितलं आणि बाहेर छेडछाड झालीय म्हणून दावा नाकारला. त्यांच्या जागी त्यांचं बरोबरच आहे. पण पहिल्या गॅरेजने ‘वॉरंटीत आहे का’ हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता, हे विसरता येत नाही.

तुम्हाला असा फोटो आला तर आधी विचारा की गाडी धुतल्यावर किती वेळाने काढलाय. खोलायला नाही म्हणा, गाडी घ्या, कोरड्या हवेत डिम लाइट लावून अर्धा-पाऊण तास चालवा आणि मग बघा. नुसतं धुकं होतं आणि विरलं, तर काही करू नका. थेंब टिकून राहिले, ओघळ दिसले, तळाशी पाणी साचलं, तर मात्र खरंच कुठून तरी पाणी शिरतंय. तेव्हाही पहिल्यांदा डस्ट कॅप आणि तिचं रबर पाहायचं, विशेषतः नुकताच बल्ब बदलला असेल तर. मग काचेला तडा, मग हवेची नळी निखळलीय का किंवा चिखलाने बुजलीय का, आणि सगळ्यात शेवटी काचेचा जोड. वॉरंटी असेल तर बाहेर कुणालाही हात लावू देऊ नका.

आणखी दोन ‘इलाज’ सुचवले जातात. हेडलाइटला खालून ड्रिलने भोक पाडणं: साचलेलं पाणी निघतं खरं, पण त्याच भोकातून धूळ आणि चाकाने उडवलेलं पाणी कायमचं आत येऊ लागतं. दुसरा म्हणजे आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद करणं. त्या थोड्याच वेळात ओल पिऊन निकामी होतात, आणि निसटून पेटत्या हॅलोजन बल्बला टेकल्या तर जळतील. सुकवताना बल्ब काढून ठेवून पुड्या वापरणं वेगळं, आत सोडून देणं वेगळं.

मी त्या गॅरेजला फोटोंसह लेखी पत्र देऊन ‘खोलून सील केला’ या न केलेल्या कामाचे पैसे आणि रिफ्लेक्टरची भरपाई मागितली आहे. त्यांचं म्हणणं, सिलिकॉन दुसऱ्या कुणी तरी लावलं असेल. त्यांच्या दुर्दैवाने ‘सील केला’ हे त्यांच्याच बिलावर, त्यांच्याच शिक्क्यासह लिहिलेलं आहे, आणि फेसाने माखलेल्या बॉनेटचा तो फोटोही त्यांच्याच नंबरवरून आलेला आहे. दोन्ही पत्राला जोडले आहेत.