दुधाच्या दाढेसाठी तीन खेपा : कोथरूडमधील एका बालदंत दवाखान्याचा अनुभव

माझी मुलगी साडेचार वर्षांची असताना तिच्या खालच्या दाढेत पोळीचे आणि चिवड्याचे कण अडकू लागले, आणि एकदा ते काढताना दाढेला काळा खड्डा पडल्याचे माझ्या लक्षात आले. घराजवळच्या एका दवाखान्यात दोन मिनिटांत तपासणी उरकून ‘दुधाचीच दाढ आहे, दुखू लागली की काढून टाकू’ असे सांगण्यात आले. खुर्ची अचानक मागे झुकल्यामुळे मुलगी इतकी घाबरली, की त्यानंतर पंधरा दिवस ती ब्रशसाठीही तोंड उघडेना. म्हणून आम्ही कोथरूडमधील, केवळ लहान मुलांचेच दात पाहणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो.

पहिल्या दिवशी त्यांनी कोणतेही उपचार केले नाहीत. मुलीला माझ्या मांडीवरच बसू दिले, तोंडात घालायचा छोटा आरसा तिच्या हाती दिला आणि पॉलिश करणारा फिरता ब्रश आधी स्वतःच्या, मग तिच्या अंगठ्याच्या नखावर फिरवून दाखवला. तिने हात मागे घेतला, थोड्या वेळाने आपणहून दुसरा अंगठा पुढे केला, आणि मगच डॉक्टरांनी तिचे वीसही दात तिच्यासोबत मोठ्याने मोजले. या सगळ्यात अर्धा तास गेला, पण पुढच्या दोन्ही खेपांना ती स्वतः खुर्चीवर चढून बसली, हे या दवाखान्याचे मला सर्वांत मोठे यश वाटते.

दाढ का वाचवायची, हेही त्यांनी एक्स-रे समोर ठेवून समजावले. दुधाची शेवटची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहते, आणि तिच्या मागे साधारण सहाव्या वर्षी कायमची पहिली दाढ येते. दुधाची दाढ वेळेआधीच काढली, तर मागची ही कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा अडवते. सहाव्या वर्षीची ही दाढ कोणताही दात न पडता उगवत असल्यामुळे बहुतेक पालक तिला दुधाचीच समजतात. मीही तसेच समजत होते.

कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली नव्हती आणि रात्री दाढ दुखतही नव्हती, त्यामुळे रूट कॅनालची गरज पडली नाही. दुसऱ्या खेपेला दाढेलगतच्या फटीत बारीक रबरी कडी बसवली, आणि काही दिवसांनी ती काढून, इंजेक्शन न देता व दात न कोरता, कीड आतच बंद करणारी स्टीलची कॅप बसवली. कॅप बसवल्यावर काही दिवस चावताना ती उंच लागेल, हे आधीच सांगितले होते; तसेच झाले, आणि आठवड्याभरात तक्रार आपोआप थांबली. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढुरके पट्टे होते, तिथे फ्लोराइडचे व्हार्निश, म्हणजे दातांवर बसणारा लेप, लावले.

घरच्या सवयींबद्दलचा सल्ला स्पष्ट, पण दोष न देणारा होता. मुलगी रात्री गोड दूध पिऊन तशीच झोपत असे. झोपेत लाळ कमी होते आणि दातांवरची साखर धुतली जात नाही, म्हणून दूध आधी आणि ब्रश शेवटी, असा क्रम त्यांनी लावून दिला. फ्लोराइडची टूथपेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर वाटाण्याएवढीच घ्यावी, तसेच सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश पालकांनीच करून द्यावा, असेही त्यांनी सांगितले. पहिली तपासणी मूल वर्षाचे होईपर्यंत व्हायला हवी होती, हे ऐकून मात्र मला फार वाईट वाटले.

उणिवाही सांगायला हव्यात. वेळ ठरवूनही आम्हांला दोनदा पाऊण तास थांबावे लागले. स्टीलची कॅप हसताना दिसते, पांढरी कॅप बरीच महाग आहे, आणि एकूण खर्चाचा अंदाज आम्ही विचारल्यावरच मिळाला. तो पहिल्याच दिवशी लेखी द्यायला हवा. तरीही व्हार्निशचा पुढचा हात लावण्यासाठी सहा महिन्यांनंतरची तारीख आम्ही तिथलीच घेतली आहे, आणि त्या दिवशी दीड वर्षाच्या धाकट्यालाही तपासणीसाठी सोबत नेणार आहोत.